रण : भूमी, जल आणि वहिवाट

१

मराठीत ‘रण’ म्हणजे युद्ध, आणि ‘रान’ म्हणजे अरण्य. गुजराती, कच्छी आणि सिंधी ह्या भाषांत ‘रण’ ह्या शब्दाने जे दर्शविले जाते ते ह्या दोहोंपेक्षा निराळे आहे. कच्छच्या उत्तरेस आणि पूर्वेस पसरलेला तो सपाट, खारा, निर्वृक्ष प्रदेश वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो आणि उरलेले महिने भेगाळलेल्या चिखलाचा व मिठाच्या पापुद्र्याचा असतो. ह्या शब्दाचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘इरिण’ शब्दाशी लावला जातो. ‘इरिण’ शब्दाचे कोशगत अर्थही लक्षात घेण्यासारखे आहेत. खारवट, नापीक जमीन हा त्याचा एक अर्थ, आणि पाण्याचा ओहोळ किंवा खळगा हा दुसरा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक नौकानयनग्रंथात सिंधूच्या मुखापलीकडील एका उथळ, गलबतांना दुर्गम अशा आखाताचा उल्लेख ‘एइरिनॉन’ ह्या नावाने येतो, आणि ते नाव रणाचेच असावे असे अभ्यासक मानतात. ग्रीक खलाशाला जे आखात वाटले, ते संस्कृत कोशकाराला ओसाड जमीनही वाटले.

शब्दाच्या पोटातील ही दुविधा केवळ व्युत्पत्तीच्या अभ्यासकांपुरती उरली असती, तर तिची दखल एखाद्या टिपेत घेऊन भागले असते. परंतु विसाव्या शतकात ह्याच दुविधेवर सुमारे ३,५०० चौरस मैल, म्हणजे सुमारे ९,००० चौरस किलोमीटर प्रदेशाचे स्वामित्व लोंबकळत राहिले. रण ही भूमी आहे की जल, हा प्रश्न १९६५ नंतर एका आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे गेला. ह्या प्रदेशाचा भूगोल, त्यावर चालणारा अर्थव्यवहार आणि त्याविषयीचा वाद ह्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, आणि त्यातून ‘ओसाड’ ह्या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

रणाचे दोन भाग आहेत. कच्छच्या उत्तरेचे मोठे रण सुमारे १८,००० चौरस किलोमीटरचे आहे. आग्नेयेस, कच्छच्या आखाताच्या टोकाशी असलेले छोटे रण सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचे आहे. दोन्हींची उंची समुद्रसपाटीहून नाममात्र अधिक. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की कोरी खाडीतून समुद्राचे पाणी मोठ्या रणात ढकलले जाते. त्याच सुमारास राजस्थानातून येणारी लुणी मोठ्या रणात, आणि बनास, सरस्वती, रूपेण ह्या नद्या छोट्या रणात आपले पाणी आणून सोडतात. खारे आणि गोडे पाणी एकमेकांत मिसळून उथळ थर पसरतो. आश्विन-कार्तिकात तो आटू लागतो आणि मागे मीठ राहते. राजस्थानातील थर किंवा आफ्रिकेतील सहारा ह्यांच्या अर्थाने रणाला वाळवंट म्हणता येत नाही, कारण येथे वाळू मुख्य नाही. येथील मरुत्व मिठाचे आहे.

ह्या सपाटीतून जे उंचवटे वर येतात त्यांना स्थानिक भाषेत ‘बेट’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा आहे, मात्र येथे तो वर्षाचे आठ महिने कोरड्या जमिनीने वेढलेल्या स्थळाला लावलेला आढळतो. पच्छम, खडीर, बेला ही त्यांतील मोठी बेटे. पच्छमवरील काळो डुंगर सुमारे ४६० मीटर उंच असून ते कच्छमधील सर्वोच्च स्थान होय. खडीर बेटावरील धोलावीरा हे सिंधुसंस्कृतीचे नगर २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. पावसाचे पाणी अडवून साठविणारे तेथील विस्तीर्ण हौद पाहिले म्हणजे, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही ह्या प्रदेशात राहण्याचा अर्थ पाण्याचा हिशेब ठेवणे हाच होता, हे ध्यानात येते.

रण आज जसे आहे तसे ते नेहमीच नव्हते. सिंधूची एक पूर्वेकडील शाखा एकेकाळी कोरी खाडीला मिळत असे आणि लखपतच्या आसपास तिच्या पाण्यावर भातशेती होत असे. १७६२ मधील झाऱ्याच्या लढाईनंतर सिंधचा अधिपती गुलाम शाह कल्होरो ह्याने वरच्या बाजूस बांध घातला आणि कच्छकडे येणारे गोडे पाणी तुटले. माणसाने आरंभिलेले हे काम १६ जून १८१९ च्या भूकंपाने पुरे केले. त्या भूकंपात रणाच्या वायव्य भागात ऐंशीहून अधिक किलोमीटर लांबीचा उंचवटा वर उचलला गेला. काही ठिकाणी त्याची उंची पाच-सहा मीटर होती. माणसाने न घातलेला बांध म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ असे नाव दिले. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि सिंदरी येथील किल्ला पाण्यात गेला. अलेक्झांडर बर्न्सने १८२७-२८ मध्ये हा प्रदेश पाहून त्याचे वर्णन लिहिले आणि चार्ल्स लायेलने आपल्या भूशास्त्रावरील ग्रंथात त्या वर्णनाचा उपयोग करून सिंदरीला युरोपातील विद्वानांच्या परिचयाचे केले. पुढे ए. बी. विन ह्यांचा कच्छच्या भूशास्त्रावरील विस्तृत प्रबंध १८७२ साली कलकत्त्याहून, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेत, प्रसिद्ध झाला. रणाविषयीचे शास्त्रीय ज्ञान अशा रीतीने भारताच्या पश्चिम टोकाला गोळा होऊन पूर्व टोकाला छापले गेले.

३

ज्या प्रदेशाचे वर्णन सरकारी कागदांत ‘ओसाड’ असे होते, त्याच्यावर तीन प्रकारचे अर्थव्यवहार शतकानुशतके चालत आलेले आहेत. गवत, मीठ आणि समुद्र हे त्यांचे तीन आधार.

गवताचा प्रदेश म्हणजे बन्नी. मोठे रण आणि कच्छची मुख्य भूमी ह्यांच्यामध्ये नद्यांच्या गाळाने बनलेला हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा पट्टा एकेकाळी आशियातील विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत गणला जाई. जत, मुतवा, हालेपोत्रा इत्यादी मालधारी समाज येथे गुरे राखतात. ‘माल’ म्हणजे जनावरे आणि ती धारण करणारा तो मालधारी. मराठीत ‘माल’ हा विक्रीचा जिन्नस आहे, पण येथे तो जिवंत आहे. रात्री चरणारी आणि कमी पाण्यावर तग धरणारी बन्नी म्हैस २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता पावली. खाडीकाठचे खाराई उंट पोहत जाऊन खारफुटीची पाने खातात. त्यांनाही २०१५ साली तशी मान्यता मिळाली. ह्या प्रदेशातील माणूस आणि पशू ह्यांनी भूमी व जल ह्यांतील भेद कसा ओलांडला, ह्याचे पोहणाऱ्या उंटाहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. दुष्काळी वर्षी बन्नीतील गुरे उत्तरेकडे सिंधच्या बाजूला जात, आणि तिकडील गुरे रणाच्या उत्तर काठावरील धाराबन्नी व छाडबेट ह्या कुरणांत येत. ह्या ये-जा करण्याला वर्षाचे आणि पावसाचे नियम होते, सीमेचे नव्हते.

मीठ हा दुसरा व्यवहार मुख्यतः छोट्या रणात चालतो. मीठ पिकविणाऱ्यांना गुजरातीत ‘अगरिया’ म्हणतात. कोकणातील ‘मिठागर’ आणि ‘आगरी’ हे शब्द आठवले की हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. मात्र दोन्हीकडची पद्धत भिन्न आहे. उरण-पेणकडील मिठागरात भरतीचे पाणी घेऊन ते वाळविले जाते. छोट्या रणात समुद्राचे पाणी न घेता जमिनीखालचे खारे पाणी उपसले जाते, आणि ते समुद्राच्या पाण्याहून कित्येक पटींनी खारे असते. पावसाचे पाणी ओसरले की अगरिया कुटुंबे रणात उतरतात, विहीर किंवा बोअर खणतात, चिखल तुडवून पाटे तयार करतात आणि त्यांत पाणी सोडतात. त्यानंतर लाकडी दाताळ्याने तळ रोज ओढावा लागतो, कारण त्याशिवाय मिठाचा खडा जाड व एकसारखा येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मीठ निघते आणि पाऊस येण्यापूर्वी कुटुंबे गावी परततात. पूर्वी उपशासाठी डिझेलचा खर्च हाच मोठा भार होता. अलीकडे सौर पंपांनी तो काहीसा हलका केला आहे. भारतात तयार होणाऱ्या मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत तयार होते. त्यात रणातील मिठाचा वाटा मोठा असला तरी ते पिकविणाऱ्याच्या हाती येणारा भाव बाजारभावाचा अल्पांश असतो, कारण हंगामाच्या आरंभी घेतलेली उचल व्यापाऱ्याकडून घेतलेली असते आणि मीठ त्यालाच द्यावे लागते.

तिसरा व्यवहार समुद्राचा. जमीन पुरेसे देत नाही तेथील माणूस समुद्राकडे वळतो. मांडवी, मुंद्रा व लखपत ह्या बंदरांतून कच्छी खलाशी आणि व्यापारी मस्कत, झांझिबार आणि मुंबईकडे गेले. भाटिया, लोहाणा, खोजा, मेमण हे समाज मुंबईच्या व्यापाराचे आधारस्तंभ झाले. कोलकात्याच्या वाचकाला ह्याचे प्रत्यंतर घराजवळच मिळते. चितपूर रस्त्यावरील नाखोदा मशीद कच्छी मेमण समाजाने उभारली असून तिची पायाभरणी १९२६ साली झाली. ‘नाखोदा’ म्हणजे जहाजाचा तांडेल. मरुप्रदेशातून निघालेल्या माणसांनी दीड-दोन हजार किलोमीटर दूर बांधलेल्या वास्तूला खलाशाचे नाव असावे, ह्यात विसंगती नाही. कच्छच्या अर्थव्यवस्थेचा तोच तर्क आहे.

ह्या तिन्ही व्यवहारांत एक साम्य आहे. मालधारी, अगरिया व खलाशी हे तिघेही हंगामाने येतात आणि हंगामाने जातात. जमिनीवर नांगर धरणारा शेतकरी ज्या अर्थाने जमीन ‘कसतो’ त्या अर्थाने ते काहीच कसत नाहीत. महसुली व्यवस्था कसणाऱ्याला ओळखते. जो येतो आणि जातो त्याच्यासाठी मराठीत एक जुना व नेमका शब्द आहे : वहिवाटदार. पुढील सर्व वादाचे मर्म ह्या शब्दात आहे.

४

रणाच्या वादाचे मूळ मुंबई इलाख्याच्या दप्तरात आहे. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत होता, आणि कच्छचे संस्थान दीर्घकाळ मुंबई सरकारच्या राजकीय देखरेखीखाली होते. म्हणून सिंधचे प्रशासन आणि कच्छचे राव ह्यांच्यातील तंटा ही एका अर्थी घरातलीच भांडणे होती. त्यांतील एका तंट्याची तडजोड मुंबई सरकारने २४ फेब्रुवारी १९१४ च्या ठरावाने केली. मात्र तो ठराव प्रामुख्याने पश्चिमेकडील खाडीप्रदेशापुरता होता. रणाच्या उत्तर काठाची रेषा कोणी शब्दांत निश्चित केली नाही. नकाशांवर ती दाखविली गेली आणि त्या नकाशांपैकी अनेक कलकत्त्याच्या वुड स्ट्रीटवरील सर्वेक्षण खात्याच्या छापखान्यात छापले गेले. नकाशा छापणे म्हणजे सीमा ठरविणे नव्हे, हे छापणाऱ्यांना ठाऊक होते. तथापि पन्नास वर्षांनी त्याच नकाशांना साक्षीदार म्हणून उभे राहावे लागले.

१९४७ नंतर सिंध पाकिस्तानात गेला आणि कच्छ भारतात आले. घरातला तंटा दोन राष्ट्रांचा झाला. भारताची भूमिका अशी की सबंध रण कच्छचे असून सीमा रणाच्या उत्तर काठाने जाते. पाकिस्तानची भूमिका अशी की रण हे मुळात जलाशय, आटलेला समुद्र आहे. जलाशयाची सीमा मध्यातून काढण्याचा संकेत आहे. म्हणून सीमा सुमारे चोविसाव्या अक्षांशाने जावी. ज्या जागेची कोणाला आठवण नव्हती तिच्यासाठी १९६५ च्या एप्रिलमध्ये सरदार चौकी, कंजरकोट व बिआर बेट येथे रक्त सांडले. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन ह्यांच्या मध्यस्थीने ३० जून १९६५ रोजी करार झाला आणि प्रश्न तीन सदस्यांच्या न्यायाधिकरणाकडे सोपविला गेला. अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन, भारताने सुचविलेले युगोस्लाव्हियाचे आलेश बेब्लर आणि पाकिस्तानने सुचविलेले इराणचे नसरोल्ला एन्तेझाम अशी त्याची रचना होती.

निवाडा १९ फेब्रुवारी १९६८ रोजी जिनीव्हात जाहीर झाला. बेब्लर ह्यांनी भारताचा दावा पूर्णपणे मान्य केला. एन्तेझाम ह्यांनी अध्यक्षांच्या मताला पाठिंबा दिल्याने तेच बहुमताचे मत ठरले. त्यानुसार वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे नव्वद टक्के भारताकडे राहिला आणि सुमारे ३५० चौरस मैल पाकिस्तानकडे गेला. भूमी की जल ह्या व्याख्येवर निकाल न टांगता, ब्रिटिश काळातील नकाशे, अहवाल आणि अधिकाऱ्यांची वागणूक ह्यांवर अध्यक्षांनी मुख्य भर दिला. त्या पुराव्याने रणाचा बहुतेक भाग कच्छचा ठरला.

परंतु जे ३५० चौरस मैल पाकिस्तानला मिळाले त्यांची कारणे अधिक अर्थपूर्ण आहेत. नगरपारकरच्या दोन बाजूंना आत शिरलेले रणाचे फाटे पाकिस्तानी भूमीने वेढलेले असल्याने ते परकीय ठेवल्यास घर्षण वाढेल, असे अध्यक्षांनी म्हटले. हे कारण शांततेचे होते. धाराबन्नी आणि छाडबेट ह्यांबाबतचे कारण मात्र निराळे होते. ह्या कुरणांत सिंधकडील लोक शंभरहून अधिक वर्षे गुरे चारीत आले होते आणि त्यांच्यावर सिंधच्या अधिकाऱ्यांचा अंमल चालत होता, ही गोष्ट निर्णायक मानली गेली. कच्छ संस्थानाने तेथे चराईकर वसूल करण्याचे केलेले प्रयत्न पुरेसे ठरले नाहीत. म्हणजे नकाशा जेथे कच्छच्या बाजूने बोलत होता तेथेही गुरांच्या पावलांनी पडलेल्या वाटेने त्याला छेद दिला. गवत खाणाऱ्या जनावराचा माग आंतरराष्ट्रीय न्यायाच्या दृष्टीने सार्वभौमत्वाचा पुरावा ठरला.

५

निवाड्याविरुद्ध देशात तीव्र प्रतिक्रिया उमटली. कच्छमध्ये सत्याग्रह झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. ह्या ठिकाणी बंगालचा धागा कथेत येतो. १९५८ च्या नेहरू-नून करारान्वये जलपाईगुडी जिल्ह्यातील बेरुबाडीचा अर्धा भाग पूर्व पाकिस्तानला द्यावयाचा होता. भारताचा प्रदेश दुसऱ्या राष्ट्रास देण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे, असा सल्ला सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च १९६० रोजी दिला आणि त्यातून नववी घटनादुरुस्ती झाली. रणाच्या बाबतीत याचिकाकर्त्यांचे म्हणणे असे की जे बेरुबाडीला लागू झाले ते छाडबेटालाही लागू व्हावे.

मगनभाई ईश्वरभाई पटेल विरुद्ध भारत संघराज्य ह्या खटल्याचा निकाल ९ जानेवारी १९६९ रोजी लागला. बेरुबाडी हा निर्विवाद भारतीय प्रदेश होता आणि तो देऊन टाकणे हे प्रदेशदान होते. रणाची सीमा मात्र कधीच निश्चित झालेली नव्हती, म्हणून निवाडा हे केवळ सीमानिश्चितीचे कार्य आहे आणि त्याच्या अंमलबजावणीस घटनादुरुस्तीची गरज नाही, असे न्यायालयाने ठरविले. ह्या खटल्यातील एक तपशील मराठी वाचकाला विशेष लक्षवेधी वाटेल. याचिकाकर्त्यांपैकी मधू लिमये ह्यांचे म्हणणे असे होते की, वस्ती करण्याच्या दृष्टीने पाहणी करण्यासाठी आपण त्या प्रदेशात जाऊ पाहिले, परंतु आपल्याला परत फिरविण्यात आले. म्हणून आपला मूलभूत हक्क बाधित झाला. न्यायालयापुढे हक्क सांगण्यासाठी तेथे राहणारा, किमान राहू इच्छिणारा, कोणी तरी असावा लागतो. जे तेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत होते ते न्यायालयात नव्हते. त्यांची जागा संसदेच्या एका सदस्याला प्रतीकरूपाने घ्यावी लागली.

६

हा पेच कच्छपुरता मर्यादित नाही. पश्चिम सहाराचे उदाहरण त्याला अगदी समांतर जाते. सुमारे २,६६,००० चौरस किलोमीटरचा हा मरुप्रदेश १९७५-७६ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होता. त्यानंतर मोरोक्को व मॉरिटानिया ह्यांनी तो वाटून घेतला, पोलिसारिओ आघाडीने २७ फेब्रुवारी १९७६ रोजी स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि १९७९ मध्ये मॉरिटानिया बाजूला झाला. भारताने १९८५ मध्ये ह्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० साली ती मागे घेतली. बु क्रा येथील फॉस्फेट सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून किनाऱ्यापर्यंत वाहून नेले जाते आणि त्या किनाऱ्याच्या समुद्रात विपुल मासळी आहे. सुमारे २,७०० किलोमीटर लांबीची वाळूची भिंत ह्या प्रदेशाचे दोन भाग करते. भिंतीच्या पश्चिमेस खाणी, बंदरे आणि मोठी शहरे आहेत. पूर्वेस विरळ चराईची भूमी आहे.

१६ ऑक्टोबर १९७५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ह्या प्रदेशाविषयी सल्लात्मक मत दिले. स्पेन आला तेव्हा हा प्रदेश कोणाचाच नव्हता काय, हा पहिला प्रश्न होता. न्यायालयाने उत्तर दिले की नव्हे. तेथे सामाजिक व राजकीय संघटना असलेल्या भटक्या जमाती होत्या, आणि जेथे अशी माणसे आहेत ती भूमी बेवारस मानता येत नाही. काही जमाती आणि मोरोक्कोचा सुलतान ह्यांच्यात निष्ठेचे संबंध होते, पण ते संबंध म्हणजे सार्वभौमत्व नव्हे. निर्णय लोकांच्या स्वेच्छेने व्हावा, असेही न्यायालयाने म्हटले.

दोन्ही निर्णय एकत्र ठेवून पाहिले तर फरक स्पष्ट होतो. कच्छच्या निवाड्यात गुराख्याची वहिवाट हा राज्याचा पुरावा ठरला. हेगच्या मतात भटक्यांचे अस्तित्व हे राज्याच्या दाव्याला मर्यादा घालणारे कारण ठरले. पहिल्यात माणूस भूमीच्या कागदाला जोडलेले परिशिष्ट आहे, दुसऱ्यात निदान तत्त्वतः तो भूमीचा धनी आहे. व्यवहारात मात्र सहाराच्या लोकांना त्या तत्त्वाचा उपयोग अद्याप झालेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

७

रणाकडे परत यावे. छोट्या रणाची महसुली मोजणी स्वातंत्र्योत्तर काळात झाली नाही. म्हणून दप्तरात त्याची ओळख ‘सर्व्हे नंबर शून्य’ अशी आहे. १९७३ साली येथे रानगाढवांसाठी सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. आशियाई रानगाढवाची ही जात इतरत्र नष्ट होत आली असता येथे तग धरून राहिली आणि तिचे रक्षण होणे उचितच आहे. पण अभयारण्यातील हक्कांची निश्चिती १९९७ मध्ये सुरू झाली तेव्हा अगरियांपैकी फार थोड्यांची नोंद तीत झाली. परिणामी, कित्येक पिढ्या मीठ पिकविणारा माणूस कायद्याच्या भाषेत वनभूमीवरचा अतिक्रमक ठरण्याचा धोका निर्माण झाला. ज्या जमिनीचा क्रमांकच शून्य आहे तिच्यावर हक्काचा उतारा कोणाच्या नावाने निघणार?

बन्नीची कथा याहून फारशी निराळी नाही. १९५५ साली हा प्रदेश संरक्षित वन म्हणून घोषित झाला. रणाची वाढ रोखण्यासाठी १९६१ पासून तेथे ‘गांडो बावळ’ म्हणून ओळखली जाणारी परदेशी बाभूळ लावण्यात आली. आज तिने गवताचा मोठा भाग गिळला आहे आणि मालधाऱ्यांपैकी काहींना गुरे सोडून तिचाच कोळसा पाडण्याची पाळी आली आहे. वनहक्क कायद्याखाली त्यांनी मागितलेला हक्क वैयक्तिक तुकड्यांचा नसून सबंध चराईप्रदेशाचा, सामूहिक असा आहे. वहिवाट वाटून घेता येत नाही, हे त्यांना कायद्याच्या पंडितांपेक्षा अधिक समजते.

खावड्याजवळ रणाच्या काठावर सुमारे ७२,००० हेक्टरांवर ऊर्जा-उद्यानाची पायाभरणी डिसेंबर २०२० मध्ये झाली. सूर्य आणि वारा ह्यांपासून ३०,००० मेगावॉट वीज निर्माण करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. विजेची गरज निर्विवाद आहे. मात्र अशा प्रकल्पांसाठी रणाची निवड करताना ते ‘पडीक’ असल्याचे कारण पुढे केले जाते, आणि हा शब्द इरिणाचे आधुनिक भाषांतर आहे.

पश्चिमेकडे सर खाडीचा वाद तर अद्याप मिटलेला नाही. १९१४ च्या ठरावातील एक परिच्छेद सीमा खाडीच्या पूर्व काठाने दाखवितो असे पाकिस्तान म्हणते. दुसऱ्या परिच्छेदात नौकागम्य प्रवाहाची सीमा मध्यातून मानण्याचे तत्त्व आहे, त्याचा आधार भारत घेतो. खाडी नौकागम्य आहे की नाही, म्हणजेच ती कितपत जल आणि कितपत चिखल आहे, हा पुन्हा तोच प्रश्न. त्याची किंमत कोळी आणि खलाशी देतात. गुजरातच्या बोटींवर मजुरीसाठी जाणारे पालघर-डहाणूकडील आदिवासीही पाण्यावर न दिसणारी रेषा ओलांडल्याच्या आरोपाखाली कराचीच्या तुरुंगात खितपत पडल्याची उदाहरणे आहेत. बंगालच्या उपसागरात ह्याचे प्रतिबिंब दिसते. हरिभंगा नदीच्या मुखाशी १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेले न्यू मूर अथवा दक्षिण तलपट्टी हे बेट भारत व बांगलादेश ह्यांच्यातील वादाचा विषय झाले. पण २०१० पर्यंत ते पाण्याखाली गेले आणि २०१४ मध्ये सागरी सीमेचा निवाडा झाला तेव्हा ते अस्तित्वात नव्हते. निसर्ग भूमी आणि जल ह्यांची अदलाबदल करीत राहतो. रेषा मात्र एकदा आखली की ती हलत नाही.

८

ह्या साऱ्याचा भारतीय साहित्याच्या अभ्यासाशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे पहिले उत्तर असे की रणाचा वाद हा आरंभापासून संहितांचा वाद आहे. ठरावातील दोन परिच्छेद, नकाशावरील चिन्ह, गॅझेटियरमधील एखादे विशेषण, चराईकराची पावती ह्यांचे अन्वयार्थ लावूनच सीमा ठरली. त्या संहिता इंग्रजीत होत्या. जे लोक रणात वावरत होते त्यांच्या कच्छी, सिंधी व गुजराती भाषांतील ज्ञान त्यांत पुराव्याच्या रूपाने, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून, आले. कच्छीला स्वतःची प्रचलित लिपी नसल्याने ती भाषा दप्तरात जवळजवळ मूक राहिली.

दुसरे उत्तर असे की लिखित दप्तराबाहेर ह्या प्रदेशाची दुसरी एक नोंदवही आहे. शाह अब्दुल लतीफ ह्यांच्या काव्यातील ‘सुर मारुई’ मध्ये उमरकोटच्या महालात कोंडलेली मारुई थरमधील आपल्या माणसांची आणि चराईच्या भूमीची ओढ सोडत नाही. बन्नीतील मालधारी आजही लतीफांच्या वाई गातात. सीमेने गुरांची वाट बंद केली, पण गाण्याची वाट बंद करणे तिला साधले नाही. ह्या काव्यात मरुभूमी ओसाड नाही. तिथे झुडपांना नावे आहेत, विहिरींना नावे आहेत आणि पावसाच्या प्रत्येक चाहुलीला शब्द आहे. नावे असलेली भूमी बेवारस नसते, हे हेगच्या न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले; सिंधी कवीने ते अठराव्या शतकातच गृहीत धरले होते.

निष्कर्ष असा काढता येतो की ओसाडपणा हा भूमीचा गुण नसून नोंदीचा दोष आहे. नकाशा, महसुली दप्तर आणि वनखात्याची अधिसूचना ह्या तिन्हींनी रण रिकामे म्हणून नोंदविले, कारण त्यांच्या तक्त्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या माणसासाठी रकाना नव्हता. न्यायाधिकरणाने त्या माणसाच्या पावलांची दखल घेतली, पण ती राष्ट्राच्या खात्यावर जमा केली. वहिवाटीवरून राज्याचा हक्क सिद्ध होतो, तर वहिवाटदाराचा हक्क त्याच पुराव्याने सिद्ध का होऊ नये, हा प्रश्न १९६८ च्या निवाड्याने विचारला नाही. तो आता अगरिया आणि मालधारी विचारीत आहेत. त्याचे उत्तर द्यावयाचे तर प्रथम शून्य क्रमांकाच्या त्या जमिनीची मोजणी करावी लागेल, आणि मोजणी करणाऱ्याला तेथील भाषा समजून घ्यावी लागेल.